चिमाआत्याचं पातेलं

चिमाआत्याच्या तोंडून स्तुतीचा शब्द काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. कुणाचाही पदार्थ चाखला की ती डोळे बारीक करून छताकडं बघायची, चव जिभेवर इकडून तिकडं फिरवायची आणि म्हणायची, “बरं हाय.” यापुढं तिची मजल गेल्याचं आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नाही. रंजनाची मासवडी खाऊन हायवेवरचे हॉटेलवाले तिच्या पाया पडायचे बाकी राहिलेत, तिलाही “बरं हाय.” माझ्या आवळ्याच्या लोणच्याच्या नशिबी तर बरेच दिवस तेही नव्हतं. “खातील लोकं,” एवढं बोलून ती हात धुवायला निघून जायची.

आमची ओळख डिंगोऱ्याच्या किचनमधली. तिथं पूर्वी रस्त्याच्या कडेला दूध डेअरी होती. ती बंद पडली, इमारत वर्षानुवर्षं कुलपात राहिली, आणि मग इथल्या महिला संघानं ती घेऊन आत सामायिक स्वयंपाकघर काढलं. घरच्या दोन शेगड्यांवर पदार्थ करून विकणाऱ्या आम्हा बायकांना मोठ्या भट्ट्या, पीठ मळायचं आणि दळायचं यंत्र, पाकिटं बंद करायचं यंत्र, स्टीलचे ओटे आणि मांडणीभर भांडी एका छताखाली मिळाली. जिचा तिचा वार ठरलेला, एकेका वारी तिघी-चौघी. आपल्या वारी यायचं, थोडं भाडं द्यायचं, माल करायचा, धुऊन पुसून घरी जायचं. जागा तपासून तिला अन्न परवाना मिळालेला होता, त्यामुळं आमची पाकिटं फळीवर ठेवताना दुकानदार तोंड वाकडं करत नसत. बाहेरच्या पाटीवर ‘सामायिक स्वयंपाकघर’ लिहिलंय. आम्ही किचन म्हणतो. चिमाआत्या शेवटपर्यंत डेरीच म्हणत राहिली.

तिचं माहेर तळेघरचं आणि सासर मढच्या वरच्या वाडीतलं. म्हणजे एका डोंगरातून उठून दुसऱ्या डोंगरात गेलेली बाई. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, आणि चाल अशी की तिच्याबरोबर बाजारात जायचं तर आपल्याला पळावं लागे. “तळेघरला येष्टी कवा यायची, आन कवा न्हाय,” ती सांगायची, “वाट बघत बसन्यापरीस चालल्यालं बरं.” मढहून मात्र ती सवाऱ्या नेणाऱ्या बबनच्या जीपनं यायची, कारण मांडीवर नाचणीच्या पिठाचं गाठोडं असायचं. नाचणीचे लाडू हा तिचा माल. गूळ, तूप, थोडी सुंठ. त्यात आणखी काहीतरी असायचं, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारायचं सोडलं नाही.

किचनचा कारभार प्रमिलाताईंकडं होता. प्रमिलाताईंनी सगळी नोकरी अंगणवाडीत काढली, आणि त्या निवृत्त झाल्या हे अजून त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. त्या आमची नखं तपासायच्या. हात पुढं करा म्हणाल्या की आम्ही सगळ्या घोड्यासारख्या वाढलेल्या बायका रांगेत हात पुढं करायचो. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नियम लावले होते. टोपी घालावी. आत काही खाऊ नये, खाणं बाहेरच्या चहाच्या खोलीत करावं. भांडे धुऊन, पुसून, पालथे ठेवावे.

टोपीवरून पहिल्याच दिवशी खटका उडाला. आत्या म्हणाली, डोक्यावर पदर आहे की. प्रमिलाताई म्हणाल्या, पदर म्हणजे टोपी नव्हे. शेवटी आत्यानं पदर तसाच ठेवून त्यावर ती जाळीची टोपी चढवली आणि दिवसभर ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी वावरली. पुढं तिला टोपी इतकी आवडली, की एकदा ती तशीच जीपमध्ये बसून मढला गेली आणि वाडीतल्या बायका तब्येतीची चौकशी करायला आल्या.

लेबलाचंही तसंच झालं. पाकिटावर माल कधीपर्यंत चांगला राहील ती तारीख छापावी लागते, हे प्रमिलाताईंनी तिला समजावलं. 

“म्हंजी लाडवाला मरायची तारीख घालायची?” तिनं विचारलं.

“मरायची नाही, आत्या. तोवर खाऊन संपवायचा.”

“मंग तसंच लिवा की. लौकर खावा म्हनावं.”

तारीख छापली गेलीच. पण हॉटेलात लाडू पोचवताना आत्या प्रत्येकाला तोंडी सांगून यायची, की त्या आकड्याकडं बघू नका, एवढे दिवस लाडू उरला तर चूक तुमची. ती ‘विकले’ असं कधी म्हणत नसे. “त्या घाटाच्या हाटेलवाल्याला लाडू देऊन आले,” म्हणायची. पावण्याकडं जाऊन आल्यासारखी.

पण हे सगळं किरकोळ. आत्यानं आमच्या किचनला खरा घोर लावला तो भांड्यांवरून.

पहिल्या दिवशी ती मांडणीसमोर उभी राहून बराच वेळ भांडी बघत होती. पातेली, पराती, तपेली, सगळी चकचकीत आणि प्रमिलाताईंच्या शिस्तीत पालथी.

“ही भांडी कुनाची?” तिनं विचारलं.

“सगळ्यांची,” प्रमिलाताई म्हणाल्या.

“आसं कुटं आसतंय? कुनाची तरी आसतीलच की.”

“संघाची आहेत, आत्या. कुणीही वापरायची.”

आत्यानं मान डोलावली. तिला पटलं असं आम्हाला वाटलं. प्रत्यक्षात तिनं त्यातून एवढंच घेतलं होतं, की ही भांडी आपली नाहीत.

तिच्या वारानंतरचा वार माझा. आवळे उकडायला मी मोठं पातेलं काढलं, तर ते उताणं आणि त्यात तळाला ओंजळभर तांदूळ. डोंगरातला, वासाचा. मी आधी उंदरावर संशय घेतला. उंदीर तांदूळ नेतो, आणून ठेवत नाही, हे मला नंतर चहा पिताना सुचलं. पुढच्या आठवड्यात परातीत गुळाचा खडा निघाला. मग तपेल्यात हिरव्या मिरच्या. मग एके दिवशी पीठ मळायच्या यंत्राच्या भांड्यात गावठी अंड्यांची जोडी निघाली. रंजना मासवडीचं बेसन ओतायच्या आधी आत डोकावली हे तिचं नशीब. यंत्राचा खटका दाबला असता तर काय झालं असतं, याचं वर्णन ती अजूनही हातवारे करून सांगते.

चौकशी झाली. चौकशी म्हणजे प्रमिलाताईंनी सगळ्यांना उभं केलं आणि ‘हे कुणी केलं’ असं विचारलं. आत्यानं लगेच हात वर केला. तिला शरम अजिबात वाटत नव्हती, आम्हाला एवढ्या उशिरा कळलं याचं नवल मात्र वाटत होतं.

“दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं?” ती म्हणाली.

आमच्यातल्या प्रत्येकीच्या घरी हेच चालत आलंय. शेजारणीची वाटी आली, तर ती धुऊन नुसती परत करत नाहीत. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर टाकून देतात. प्रमिलाताईंच्या घरीही हेच चालतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या सावरल्या. “आत्या, ही शेजारणीची वाटी नाही,” त्या म्हणाल्या. “हे किचन आहे.”

“म्हंजी लई शेजारनी,” आत्या म्हणाली.

त्या दिवशी प्रमिलाताईंनी लाल शाईनं नवा नियम लिहिला, ‘भांडे रिकामे ठेवावे.’ आत्याला वाचता येत होतं, पण भिंतीवरचं ती वाचत नसे. भिंतीवर एकतर देवाचं असतं नाहीतर पुढाऱ्याचं, आणि दोघांचं आपल्याला ठाऊक आहे, असं तिचं म्हणणं.

पंचाईत पुढंच होती. एकदा भरलेलं भांडं हातात आलं, की ते रिकामं ठेवायचा धीर आपल्यालाही होत नाही. मी तांदूळ घरी नेला, भात केला, घरभर वास सुटला, आणि पुढच्या वेळी पातेलं ठेवताना हात आपोआप आवळ्यांकडं गेला. रंजनानं परातीत मासवडीचे तुकडे ठेवले. मसालेवाल्या बाईंनी लवंगा ठेवल्या. हळूहळू मांडणीवरचं एकही भांडं पालथं राहीना. मी तर आपला वार नसतानाही काहीतरी निमित्त काढून जायला लागले, आज कशात काय निघतंय ते बघायला. दिवाळीचा फराळ महिनाभर आधी सुरू झाल्यासारखं वाटत होतं, आणि या सगळ्या काळात प्रमिलाताईंचा आवाज एक पट्टी वर गेला होता.

मग मुंग्या आल्या. आणि मुंग्यांच्या पाठोपाठ परवान्याचे साहेब आले.

साहेब सभ्य माणूस होता. तपासणी नेहमीचीच होती. फरशी बघितली, टोप्या बघितल्या, पाण्याची टाकी बघितली, सगळं मनासारखं. जाता जाता त्यांनी मांडणीवरचं तपेलं उचललं. आत गुळाचा खडा, खड्यावर मुंग्या, आणि मुंग्यांची रांग तपेल्यातून खाली फळीवर, फळीवरून पुढच्या परातीत. त्यांनी ती परातही उचलली. मग पातेलं. प्रमिलाताई त्यांच्या मागं उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“ताई, हे असं चालणार नाही,” साहेब शांतपणे म्हणाले. “मी मुदत देतो. पुढच्या वेळी साठवणीच्या भांड्यात अन्न दिसलं, तर जागेचा परवाना थांबवावा लागेल.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या पातेल्यात दुसऱ्या दिवशी कुणीतरी गिऱ्हाइकाचा माल शिजवणार होतं. आणि परवाना थांबला तर काय, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. रंजनाची हॉटेलं सुटणार, माझी पाकिटं दुकानाच्या फळीवरून खाली येणार, आणि सगळ्या जणी परत घरच्या दोन शेगड्यांवर.

बैठक झाली. या वेळी प्रमिलाताई ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. त्या आत्याकडं न बघता म्हणाल्या, “ज्यांना रिकामं भांडं ठेवणं जमत नसेल, त्यांना संघ वार देऊ शकणार नाही.”

आम्ही सगळ्या जमिनीकडं बघत होतो. लवंगा ठेवणारीही आणि आवळे ठेवणारीही. आत्यानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “ध्यानात आलं. मंग मी तुमची भांडीच घेत न्हाय.”

पुढच्या वारी ती आपली भांडी घेऊन आली. मढच्या वाडीतून परात, पातेली, तपेलं, लाटणं. सगळं चादरीत बांधून बबनच्या जीपच्या टपावर. डिंगोऱ्याच्या उतारावर जीप येताना तो आवाज आम्हाला किचनमध्ये ऐकू आला. “लगीन हाय का वाडीत?” बबननं तिला विचारलं म्हणे. संध्याकाळी तीच वरात परत मढला. तिच्या दोन पातेल्यांना पोचे पडले. पीठ मळायच्या यंत्राचं भांडंही संघाचंच, म्हणून ती हातानंच मळायची. मोठी भट्टी असून तिच्यावर तिचं छोटं पातेलं बसवायची. किचनमध्ये येऊन तिनं आपलं स्वयंपाकघर एका कोपऱ्यात वेगळं मांडलं. आम्हाला हसू यायचं, आणि दिवस संपेस्तोवर ते हसू राहायचं नाही.

मग एका वारी ती आली नाही. पुढच्याही वारी नाही. फोन केला तर म्हणाली, “पाय दुखत्यात.” ज्या बाईबरोबर चालताना आम्ही धापा टाकायचो, तिचे पाय दुखत होते.

मांडणीवरची भांडी आता पालथी, कोरडी, नियमाप्रमाणं. मुंग्या गेल्या. मी पातेलं काढायचे, आवळे उकडायचे, पातेलं ठेवायचे. दुसऱ्या बाईंशी दोन शब्द बोलायचं निमित्तच उरलं नव्हतं. मला आत्या आवडायची. हे मी तिला कधी बोलले नव्हते, कारण “काय पायजे?” असं तिनं विचारलं असतं.

शेवटी मढला जायचं प्रमिलाताईंनीच काढलं. मला म्हणाल्या, “चल. मी एकटी गेले तर भांडण होईल.” ओतूरच्या बेकरीतून खारी घेतली आणि आम्ही बबनच्या जीपनं निघालो. वाटेत त्या मला काय काय बोलायचं ते म्हणून दाखवत होत्या. स्वच्छता म्हणजे काय इथून सुरुवात होती.

आत्याचं घर वाडीच्या टोकाला. अंगणात कोंबड्या, पडवीत नाचणीची पोती. आम्हाला बघून तिनं चुलीवर चहा ठेवला. पाय दुखत असल्याचं तिच्या चालण्यावरून काही दिसत नव्हतं. खारी तिनं ताटलीत काढली, एक तुकडा खाल्ला, वर कौलांकडं बघितलं आणि म्हणाली, “खातील लोकं.”

प्रमिलाताईंनी स्वच्छतेला सुरुवात केली. आत्यानं त्यांना दोन वाक्यं बोलू दिलं.

“बाई, मला कळतंय ते,” ती म्हणाली. “मुंग्या झाल्या ते वंगाळच झालं. तुमी चारचौघीत बोलला त्याचं मला काय न्हाय. माझं येगळं हाय.”

मग तिनं जे सांगितलं ते चुलीकडं बघत, लाकूड पुढं सारत सांगितलं.

“मालक गेलं त्या वर्साला घरात दानं नव्हतं. त्याच्या आदी कसं, शेजारनं कालवनाची वाटी यायची, माझी तिकडं जायची. त्या वर्सापासनं वाटी यायची थांबली. कुनी भांडलं न्हाय, काय न्हाय. चांगल्या मनानंच. चिमीकडं वाटी परत भरून द्यायला हाय काय, उगं तिला लाजवायचं कशाला, म्हनून. मी हितं उंबऱ्यात बसायची. वाटी या घरनं त्या घरला जायची, माझं दार सोडून. भुकेचं काय, रानातली भाजी खाऊन दिस काढलं. पन वाटीची मी लई वाट बघितली.”

चहा उतू गेला. तिनं तो फडक्यानं धरून खाली घेतला.

“मंग कवातरी नाचनी झाली, लाडू झालं, तुमच्या डेरीत आले. किती वर्सांनी दुसऱ्याचं भांडं हातात आलं. ते मी रिकामं ठिवू?”

प्रमिलाताई पदरानं चष्मा पुसत होत्या, आणि तो पुरेसा पुसून झाला तरी पुसत राहिल्या. वाटेत म्हणत आलेलं भाषण त्यांनी कुठंतरी आत गुंडाळून ठेवलं. कपातला चहा संपवला, तोही सावकाश. मग म्हणाल्या,

“आत्या, तुमचं एक पातेलं मला उसनं द्या.”

“कशाला?”

“चहाच्या खोलीत ठेवायला. तिथं खायला मोकळीक आहे. आतली भांडी संघाची, ती धुऊन पालथी ठेवायची. तिथं मी हलणार नाही. पण हे पातेलं तुमचं. त्यात आम्ही काहीतरी ठेवू, तुम्हीही ठेवा, सगळ्या मिळून तिथल्या तिथं खाऊन संपवू.”

“आन माझं पातेलं परत कदी देनार?”

“ते आमचं आम्ही बघू.”

आत्यानं डोळे बारीक केले. कौलांकडं बघितलं. प्रमिलाताईंचं बोलणं तिनं जिभेवर इकडून तिकडं फिरवल्यासारखं मला दिसलं.

“बरं हाय,” ती म्हणाली.

आणि तिनं जर्मलचं एक पातेलं काढून दिलं. पोचे पडलेलं, झाकण दुसऱ्याच कुठल्या भांड्याचं. अर्थात ते रिकामं नव्हतं. प्रमिलाताईंनी ते मांडीवर धरून डिंगोऱ्यापर्यंत आणलं, आणि वाटेत आम्ही त्यातले लाडू खाल्ले. जीपमध्ये खाऊ नये असा नियम त्यांनी अजून केलेला नव्हता.

त्यानंतर चहाच्या खोलीतलं ते पातेलं कधी कोरडं राहिलं नाही. आत्याच्या वारी दुपारी सगळ्या जणी, आपला वार असो नसो, हातातलं काम ठेवून तिकडं जायच्या, झाकण काढायच्या, आणि आत्या एकेकीच्या पदार्थावर निकाल द्यायची. बोलता बोलता कामंही व्हायची. रंजनाच्या हॉटेलवाल्यांनी माझं लोणचं ठेवायला घेतलं ते त्याच खोलीत ठरलं. मसालेवाल्या बाई आत्याच्या वाडीतला हिरडा बाजारात पोचवायला लागल्या. यंत्रं भाड्यानं कुठंही मिळतील, पण हे पातेलं नसतं तर आम्ही आठ दिवसांनी एकमेकींची नावं विसरलो असतो, असं मला वाटतं.

साहेब पुन्हा तपासणीला आले. सगळी मांडणी उचलून बघितली. एक मुंगी नाही. प्रमिलाताईंची मान जरा जास्तच ताठ झाली. जेवायची वेळ होती म्हणून साहेब चहाच्या खोलीत आपला डबा घेऊन बसले, आणि आत्यानं पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं.

“मावशी, ड्यूटीवर मी कुणाचं काही खात नाही,” साहेब म्हणाले.

“नगा खाऊ,” आत्या म्हणाली. “डबा तरी धुऊन देते.”

साहेबांना त्यात काही गैर दिसलं नाही. आम्हालाही दिसलं नाही, साहेब गाडीत बसून निघून जाईपर्यंत. मग रंजनानं विचारलं, “आत्या, साहेबांचा डबा रिकामा दिला ना?” आत्यानं तिच्याकडं असं बघितलं, की उत्तराची गरज राहिली नाही. घरी जाऊन बायकोनं डबा उघडला आणि आत नाचणीचे लाडू निघाले, की साहेब याला काय समजतील, या विचारानं प्रमिलाताईंना जेवण गेलं नाही. परवाना कायम झाल्याचं कळेपर्यंत त्या आत्याशी बोलल्या नाहीत. साहेब त्यानंतरही तपासणीला येतात. डबा मात्र आणत नाहीत.

पुढं मढच्या बायका आत्याच्या मागं लागल्या, की आपल्याकडंही तसली डेरी काढू. प्रमिलाताईंनी त्यासाठी किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या ते त्यांनाच ठाऊक. शाळेच्या जुन्या खोलीत ओटे बसले, भट्टी आली, आणि कारभार आत्याकडं आला. आम्ही बघायला गेलो तेव्हा मांडणीवरची सगळी भांडी पालथी होती आणि आत्या एका सुनेला झापत होती, की पुसून कोरडं न करता भांडं ठेवलंच कसं.

“आत्या, हे तर प्रमिलाताईंचं झालं,” मी म्हटलं.

“मंग?” ती म्हणाली. “ही आपल्या घरची भांडी हायती. घरची भांडी पालथीच ठिवत्यात.”

डिंगोऱ्याला तिचा शेवटचा वार आला. काम आवरलं, गाठोडं बांधलं, बबनची जीप रस्त्यावर येऊन उभी राहिली. आता तिचं पातेलं परत करायला हवं होतं. रंजनानं त्यात मासवडी ठेवली, मसालेवाल्या बाईंनी मसाल्याची पुडी, मी लोणच्याची बरणी. मध्ये बरीच जागा राहिली होती. प्रमिलाताई कुठं दिसेनात. आत जाऊन बघितलं तर त्या भट्टीपुढं उभ्या होत्या, नियमाप्रमाणं टोपी घालून, आणि शिरा हलवत होत्या. आख्खं किचन चालवणाऱ्या या बाईला आम्ही तिथं स्वतः काही शिजवताना प्रथमच बघत होतो. मोठी भट्टी नवख्या हाताचं ऐकत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वास बाहेरपर्यंत आला होता.

त्यांनी शिरा केळीच्या पानावर काढून पातेल्यात ठेवला, झाकण लावलं आणि ते स्वतः जीपपाशी नेलं. आत्या आत बसली होती. तिनं पातेलं घेतलं, सगळ्यांसमोर झाकण काढलं आणि शिऱ्याचा एक घास तोंडात टाकला. तिनं डोळे बारीक केले, जीपच्या छताकडं बघितलं. या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“खालनं लागलाय,” ती म्हणाली.

प्रमिलाताई कानापर्यंत लाल झाल्या. “आणा इकडं, आत्या. मी काढून घेते, दुसरं काहीतरी भरून देते.” आणि त्यांनी हात पुढं केला.

आत्यानं पातेलं पोटाशी ओढून घेतलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “माझ्या भांड्यात आलंय ते.”

प्रमिलाताईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो आत्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दोघींनीही काही वेळ एकमेकींकडं बघितलं नाही. बबननं टपावर जागा करून ठेवली होती. पातेलं द्या, वर बांधतो, म्हणाला. आत्यानं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. जीप सुरू झाली, मढच्या रस्त्याला लागली, आणि मागच्या काचेतून दिसत होतं, की ती पदर सावरून पातेल्यावर वाकली होती आणि शिरा खात होती. डोक्यावर टोपी तशीच होती. टपावरची जागा मोकळीच गेली.